माध्यमांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम: गोष्ट पहिल्या सत्रात, प्रेक्षक तिसऱ्या

पुण्यातील एका महाविद्यालयातून माध्यम आणि संज्ञापन या विषयातील दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रवेश घेण्यापूर्वी या अभ्यासक्रमाविषयी जे काही वाचायला मिळाले ते माहितीपुस्तिकेतील होते किंवा ‘यात स्कोप आहे का’ या एकाच प्रश्नाभोवती फिरणारे होते. वर्गात प्रत्यक्ष काय शिकवतात आणि ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे विद्यार्थ्याच्या बाजूने कोणी लिहिलेले मला सापडले नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच आराखडा इतरत्रही चालतो आणि माझे म्हणणे एका संस्थेपुरते नाही. मत मात्र आधीच सांगून टाकते. गोष्ट कशी सांगावी, हे येथे उत्तम शिकायला मिळाले. ती गोष्ट ज्याच्यासाठी सांगायची त्या माणसाचा अभ्यास अभ्यासक्रमाने कडेला ठेवला आहे. आणि जेथे तो मनापासून झाला, तेवढा एक भाग माझ्या मते पूर्ण शुल्काच्या मोलाचा होता.

आराखडा थोडक्यात असा आहे. एकूण चार सत्रे. पहिल्या दोन सत्रांत संज्ञापनाचे सिद्धान्त, माध्यमांचा इतिहास, बातमीलेखन, कथनाची कार्यशाळा, ध्वनिचित्रनिर्मिती आणि माध्यमविषयक कायदे. तिसऱ्यात संशोधनपद्धती, प्रेक्षक-अभ्यास आणि एक निवडक विषय. चौथ्यात लघुप्रबंध आणि इंटर्नशिप. कायद्याचा पेपर कलमे पाठ करून सुटतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. इतिहासाचा पेपर बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ मधील ‘दर्पण’पासून सुरू होतो आणि खासगी वाहिन्यांच्या आगमनापाशी येऊन धापा टाकत थांबतो, त्यानंतरची वर्षे ‘नवमाध्यमे’ या एका प्रकरणात उरकलेली आहेत. या दोन्हींबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कथनाच्या कार्यशाळेबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. ही कार्यशाळा घेणारे सर पूर्वी दूरचित्रवाणी मालिकांसाठी पटकथा लिहीत असत. तीन अंक, संघर्ष, कळसबिंदू ही चौकट ते शिकवत, पण पहिल्या काही तासिकांत त्यांनी तिला हातही लावला नाही. त्यांनी आम्हाला नारदीय कीर्तनाची रचना उलगडून दाखवली. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करायचे, उत्तररंगात आख्यान लावायचे, आणि मधल्या विसाव्यात बुवांना हार घालून बुक्का लावला जात असताना समोरची मंडळी कोण आहेत, कोण जांभया देत आहे, आख्यान किती लांबवावे याचा अंदाज बुवांनी घ्यायचा. त्यानंतर तमाशा: गण, गवळण, बतावणी आणि वग. बतावणीत सोंगाड्या ज्या गावात फड लागला आहे त्या गावातल्या ताज्या भानगडी कशा आणतो, आणि त्यामुळे तोच वग दोन गावांत दोन प्रकारे का रंगतो, हे त्यांनी दाखवले. या दोन्ही प्रकारांत श्रोता रचनेच्या आतच बसवलेला आहे, हा सरांचा मुद्दा होता. तो त्यांनी कधी सूत्र म्हणून फळ्यावर लिहिला नाही. स्वाध्यायांमधून तो आमच्या अंगवळणी पाडला.

त्यांतील एक स्वाध्याय येथे नोंदवते, कारण असा स्वाध्याय देणारा शिक्षक आहे की नाही यावरून कार्यशाळेचा दर्जा ठरतो. बातमी एकच होती: एका खेड्यात रात्री मुक्कामाला येणारी आणि पहाटे तालुक्याला परत जाणारी एसटी बंद झाली. ती तीन प्रकारे सांगायची होती: जिल्हा पानावर, चाळीस सेकंदांच्या आकाशवाणी वार्तेत, आणि त्याच गाडीने कॉलेजला जाणाऱ्या मुलींना फोनवर ऐकता येईल अशी. पहिल्या आवृत्तीत बहुतेकांनी आगारप्रमुखांचे म्हणणे वर घेतले. दुसऱ्या आवृत्तीत ते गळून पडले, कारण शहरात ऐकणाऱ्याला गावाचे नाव ओळखीचे होण्यातच निम्मे सेकंद जातात. तिसऱ्या आवृत्तीत बातमीच उलटी झाली. गाडी बंद झाली हे त्या मुलींना आमच्या आधी ठाऊक होते. त्यांना हवे होते ते एवढेच की पहाटे दुसरी कोणती गाडी मिळेल, ती फाट्यावर थांबेल का आणि पास चालेल का. प्रत्येक संहितेच्या वर, शीर्षकाच्याही आधी, तीन गोष्टी लिहिण्याची सरांची सक्ती होती: ऐकणारा कोण, वेळ कोणती आणि त्या वेळी त्याचे हात कशात गुंतलेले आहेत. तिसरी अट सुरुवातीला आम्हाला चेष्टेची वाटली होती.

याच कार्यशाळेत दादासाहेब फाळके वेगळ्या बाजूने भेटले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, हे इतिहासाच्या पेपरात दोन गुणांसाठी विचारतात. सरांनी आम्हाला त्याच्याही आधीच्या काळात नेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पडद्यावर चालू असताना आपल्या डोळ्यांपुढून राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या सरकत होती, असा अनुभव फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत लिहून ठेवला आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते आधी तिकीट काढून अंधारात बसलेले प्रेक्षक होते, आणि पडद्यावर जे होते त्याहून निराळे काहीतरी पाहत होते. प्रेक्षक-अभ्यासाच्या पेपराची याहून चांगली प्रस्तावना होऊ शकली नसती. दुर्दैवाने तो पेपर शिकवणाऱ्यांनी ती वापरली नाही.

प्रेक्षक-अभ्यासाची सैद्धान्तिक बाजू शिकवण्याची पद्धत हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कच्चा भाग आहे. क्रम पुस्तकी असतो. माध्यमे श्रोत्यावर बंदुकीच्या गोळीसारखा परिणाम करतात ही जुनी समजूत प्रथम येते आणि तिच्या पुष्ट्यर्थ ३० ऑक्टोबर १९३८ च्या अमेरिकी रेडिओ नाटकाचे, मंगळावरून पृथ्वीवर झालेली स्वारी खरी मानून लोक घाबरल्याचे, उदाहरण दिले जाते. ती घबराट वृत्तपत्रांनी बरीच फुगवली होती असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. आमच्या टिपांमध्ये ते आलेले नव्हते. मग १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतील एका परगण्यात समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास, ज्यातून माध्यमांचा प्रभाव गावातल्या जाणत्या माणसांमार्फत द्विस्तरीय रीतीने पोहोचतो ही कल्पना पुढे आली. मग लोक माध्यमे कशासाठी वापरतात आणि त्यातून त्यांना कोणते समाधान मिळते, हा सिद्धान्त. मग ब्रिटनमधील संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेले वाचनाचे तीन पवित्रे, म्हणजे सांगणाऱ्याचा अर्थ जसाच्या तसा स्वीकारणे, त्याच्याशी घासाघीस करणे किंवा तो साफ धुडकावणे. प्रत्येकावर एक टीप, प्रत्येक टिपेला पाच गुण. प्रश्नपत्रिका मराठीत सोडवता येते ही चांगली सोय आहे, पण मूळ वाचन जवळजवळ सगळे इंग्रजीत असल्याने मराठीत लिहिणारे विद्यार्थी गाईडवर विसंबतात आणि गाईडमध्ये हॉल यांचे तीन पवित्रे तीन वाक्यांत संपतात.

माझा आक्षेप या मंडळींच्या परदेशी असण्याला नाही. ज्या शहरात हा अभ्यासक्रम चालतो त्या शहराच्या परिसरात श्रोत्यांवरचा एक मोठा प्रयोग झालेला असताना त्याला अर्धी तासिका मिळते, हा माझा आक्षेप आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम लागे. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, लगेच चर्चा करत, आणि चर्चेचा वृत्तान्त व उपस्थित झालेले प्रश्न आकाशवाणीकडे परत पाठवत. मूल्यमापनाचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि मंडळे नसलेली गावेही तुलनेसाठी निवडली होती. ज्ञानात वाढ झाली की नाही हे तर तपासलेच, शिवाय गावात निर्णय घेण्याची रीत बदलते का, याकडेही अभ्यासकांचे लक्ष होते. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ आणि आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला. द्विस्तरीय प्रवाह शिकवायला ओहायोपर्यंत जाऊन आल्यावर वाटेत नगर, नाशिक, कोल्हापूर लागतात, एवढे तरी विद्यार्थ्याला कळले पाहिजे. त्या अहवालाची प्रत मी ग्रंथालयात मागितली, तेव्हा ती नोंदवहीत होती आणि फडताळात नव्हती.

‘हम लोग’च्या बाबतीत मात्र शिकवणे जमून आले, कारण तेथे एका तरुण प्राध्यापिकेने सिद्धान्त आणि उदाहरण एकत्र बांधले. जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका कुटुंबनियोजन, स्त्रियांचे स्थान अशा विषयांवर मनोरंजनातून लोकशिक्षण करण्याच्या हेतूने आखली होती. त्यासाठी मेक्सिकोतील मालिकांचा नमुना समोर ठेवला होता, आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी थेट बोलत. सगळे सोसून गप्प राहणारी आई, भागवंती, ही ‘असे वागू नये’ याचे उदाहरण म्हणून रचलेली होती. पुढे संज्ञापनाचे अभ्यासक अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा अनेकांना तीच आदर्श वाटल्याचे आढळले. हॉल यांचे पवित्रे मला येथे खऱ्या अर्थाने समजले. पण हे उदाहरण त्यांच्या तक्त्यात नीट बसतही नाही, कारण भागवंतीला आदर्श मानणाऱ्या स्त्रिया सांगणाऱ्याशी भांडत नव्हत्या. आपण सांगणाऱ्याच्याच बाजूचे आहोत, असे त्यांना वाटत होते. या मुद्द्यावर वर्गात झालेली चर्चा तासिका संपल्यावरही चालू राहिली. दोन वर्षांत असे फार वेळा घडले नाही.

प्रेक्षकमापनावर बाहेरच्या एका तज्ज्ञांची व्याख्याने ठेवली होती. ती कोरडी होती, पण अत्यंत उपयुक्त. दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची आकडेवारी २०१५ पासून येऊ लागली. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, निवडलेल्या घरात टीव्हीला जोडलेले यंत्र, म्हणजे मापक, ती खूण टिपतो, आणि घरातल्या प्रत्येकाने पाहायला बसताना आपापल्या नावाचे बटण दाबायचे असते. देशातील दूरचित्रवाणी असलेली घरे २०२० च्या अंदाजानुसार सुमारे २१ कोटी आणि मापक असलेली घरे पन्नास हजारांच्या आसपास. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण एका भांड्यातला भात सगळा सारखा शिजलेला असतो म्हणून होते. घरे तशी नसतात, आणि म्हणून नमुना कसा निवडला हा प्रश्न अखेरपर्यंत राहतो. घराचा वर्ग कसा ठरवतात हे ऐकून तर आम्ही चकित झालो: मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि अकरा वस्तूंच्या यादीतील किती वस्तू घरात आहेत, एवढ्यावर. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार केल्याचे प्रकरण उघड केले, त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे बंद झाले आणि थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. जाहिरातींचा पैसा या आकड्यांवर वाटला जात असल्याने एका घरातील बटणाला केवढी किंमत येते, हे त्या व्याख्यानांतून स्पष्ट झाले.

आता ज्या भागासाठी मी या अभ्यासक्रमाची शिफारस करेन त्याविषयी. प्रेक्षक-अभ्यासाच्या पेपरातील निम्मे गुण क्षेत्रकार्याचे होते. आम्हाला प्रत्येकी एक घर शोधायचे होते, त्या घरात संध्याकाळी जाऊन बसायचे होते, आणि मालिकेत काय घडले याऐवजी पाहणारी माणसे काय करत होती ते टिपून आणायचे होते. प्रश्नावली न्यायला बंदी होती. पर्वती पायथ्याच्या वस्तीतील एक कुटुंब मला मैत्रिणीच्या ओळखीने मिळाले. पहिले एक-दोन दिवस माझ्यामुळे सगळे टीव्हीसमोर नीट मांडी घालून बसत आणि मला चहा-पोहे देत. नंतर त्यांना माझा कंटाळा आला आणि खरे निरीक्षण तेव्हाच सुरू झाले. आजी मालिका पाहत नव्हत्या, ऐकत होत्या. मटार सोलत त्या भिंतीला टेकून बसत आणि पार्श्वसंगीत चढले की तेवढ्यापुरती मान वर करत. काकूंनी तो भाग दुपारीच फोनवरच्या ॲपमध्ये पाहिलेला असे. तरीही त्या आजींजवळ बसत, आणि पुढे काय होणार हे माहीत असूनही चकार शब्द काढत नसत. मुलगा आतल्या खोलीत इअरफोन लावून क्रिकेट पाहत असे, आणि आजी हसल्या की ‘काय झालं गं?’ असे विचारून पुन्हा आपल्या सामन्यात जात असे.

एकदा मी आजींना विचारले, ‘आजी, असं कुठं असतं का हो खरं?’ त्या म्हणाल्या, ‘घर खोटं गं. एवढे दागिने घालून कोण कांदा चिरतं? पण ती सासू बोलते ना, ती आमच्या आत्याबाईच. तेच शब्द, तसंच तोंड फिरवणं.’ ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेविषयी डच प्रेक्षकांनी लिहिलेली ४२ पत्रे तपासून माध्यम-अभ्यासक इयेन आंग यांनी १९८० च्या दशकात जवळपास हीच गोष्ट मांडली होती: बाहेरचे वैभव अविश्वसनीय वाटत असूनही आतली नाती आणि भावना प्रेक्षकांना खऱ्या वाटतात. आंग यांच्यावरची पाच गुणांची टीप मी पूर्वी लिहिली होती. आजींचे वाक्य वहीत उतरवून घेतल्यावर मी ते प्रकरण ग्रंथालयात जाऊन मूळातून वाचले. आणि त्या घरात मापक असता तर? आजींच्या आणि काकूंच्या नावापुढे सारखीच मिनिटे पडली असती. एकीने ती सासूचे बोलणे कानांनी तोलण्यात घालवली होती, दुसरीने आपल्या सासूला सोबत करण्यात. मालिकेच्या लेखकाला या दोघींतला फरक कळणे गरजेचे आहे, जाहिरातदाराला कदाचित नाही.

क्षेत्रकार्यावरील चर्चासत्रे उत्तम झाली. कोणी सलूनमध्ये चालणाऱ्या टीव्हीवर लिहिले, कोणी दुपारच्या पाळीहून परतणाऱ्या कामगारांच्या फोनवर. एका सहाध्यायीने बसस्थानकाच्या पडद्यावर काम केले. त्या पडद्याकडे कोणीच पाहत नव्हते, आणि कोणी का पाहत नाही यावर त्याने वीस पाने लिहिली, जी मला वर्गातली सर्वांत सरस वाटली. मात्र या सगळ्याला एका सत्राचे उणेपुरे सहा आठवडे मिळतात. पहिल्या सत्रात गोष्ट आणि तिसऱ्या सत्रात प्रेक्षक, हा क्रमच मला उलटा वाटतो. पहिल्या वर्षी केलेले आमचे लघुपट आज पाहिले तर त्यांतले बहुतेक एकमेकांसाठी आणि परीक्षकांसाठी केलेले दिसतात; हात कशात गुंतले आहेत हा सरांचा प्रश्न आम्ही कागदावर सोडवत होतो, घर पाहिल्याशिवाय.

सोयींविषयी. कॅमेरे पुरेसे आहेत, बॅटऱ्या नाहीत. संकलनाचे संगणक जुने असून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात रांग लागते. ध्वनिमुद्रण कक्ष चांगला आहे, परंतु तो कार्यालयीन वेळेनंतर बंद होतो. रेडिओ शिकणाऱ्यांना संध्याकाळी रेडिओ करता येत नाही. याची भरपाई हे शहर करते. लॉ कॉलेज रस्त्यावरील, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ आणि ग्रंथालय विद्यार्थ्यांनी अवश्य वापरावे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) प्रत मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या मध्ये बसून पाहताना मागच्या रांगेतले एक गृहस्थ अभंगाला हलकेच साथ देत होते, आणि त्यांना कोणी गप्प केले नाही. फोनवर तोच चित्रपट पाहून या निरीक्षणाची संधी मिळाली नसती.

इंटर्नशिप ही विद्यार्थ्यांनी स्वतः शोधायची असते आणि विभागाची मदत एका शिफारसपत्रापुरती असते. मला एका वृत्तसंकेतस्थळावर संधी मिळाली, मानधनाविना. तेथे समोरच्या पडद्यावर प्रत्येक बातमीचे वाचक मिनिटामिनिटाला मोजले जात, आणि मथळा बदलला की आकडा कसा हलतो हे दिसत असे. हे कौशल्य अभ्यासक्रमात कोठेही शिकवलेले नव्हते. सिद्धान्ताच्या पेपरातली एखादी टीप कमी करून त्या जागी असा फलक कसा वाचावा, आणि त्यावर काय दिसत नाही, हे शिकवता येईल; दुसऱ्या निम्म्यासाठी आमच्या क्षेत्रकार्याच्या वह्याच पुरेशा आहेत.

निवेदन, बातमीदारी किंवा कॅमेरा एवढेच शिकायचे असेल तर एक वर्षाची पदविका स्वस्त पडते आणि तेथे सराव अधिक मिळतो. संशोधन, अध्यापन, मालिकालेखन, लोकशिक्षणाचे प्रकल्प यांकडे कल असणाऱ्यांनी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, पण प्रवेशापूर्वी विभागात प्रत्यक्ष जाऊन थोडी चौकशी करावी. प्रेक्षक-अभ्यासाचा पेपर कोण शिकवते, क्षेत्रकार्याला किती गुण आहेत आणि ते तपासायला कोणी घरापर्यंत येते का, एवढे विचारावे. कपाटातले जुने लघुप्रबंध पाहायला मागावेत आणि मागची परिशिष्टे उघडावीत. तेथे लोकांची बोलणी त्यांच्याच शब्दांत उतरवलेली सापडली, तर अर्ज भरावा. नुसते टक्केवारीचे गोल तक्ते सापडले, तर शेजारच्या महाविद्यालयातील कपाट उघडून पाहावे.